बरोबरीत सुटलेला डाव

(खेळात कोणी जिंकतो, कोणी हरतो. कधी कधी दोघांपैकी कोणीच जिंकत नाही आणि कोणीच हरत नाही. अशाच एका बुद्धिबळाच्या डावाची हकिकत या पाठात दिली आहे. हा डाव १८७२ साली ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरात दोन हौशी खेळाडूंमध्ये झाला. पाठ वाचताना बुद्धिबळाचा पट जवळ ठेवावा.)

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणांना बुद्धिबळ खेळता येत असेल. घरी तुम्ही या खेळाला शतरंज म्हणता. मराठीत त्याला बुद्धिबळ म्हणतात. नाव वेगळे असले तरी पटावरचे बरेच शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. राजा धोक्यात आला की मराठी मुलेही ‘शह’ म्हणतात. राजाला पळायला जागा उरली नाही की ‘मात’ झाली असे म्हणतात. ‘वजीर’ आणि ‘प्यादे’ हे शब्द तर तुम्हांला शिकवावेच लागणार नाहीत. एखाद्या मोहऱ्याच्या पाठीशी दुसरा मोहरा उभा असेल तर त्याला ‘जोर’ आहे असे मराठीत म्हणतात. हा शब्दही तुमचाच.

एका ठिकाणी मात्र थोडे सांभाळा. ‘फील’ म्हणजे हत्ती. उर्दूतल्या शतरंजच्या पुस्तकात हा फील तिरका चालतो. मराठीतला हत्ती सरळ चालतो. तिरका चालतो तो उंट. पुस्तकातल्या ‘रुख’ला मराठीत हत्ती म्हणतात. म्हणून मराठी बोलणारा मित्र “तुझा हत्ती मारतो” असे म्हणाला, तर आधी कोपऱ्यातल्या मोहऱ्याकडे पाहा. नाहीतर तुम्ही भलताच मोहरा वाचवायला धावाल.

आता बरोबरीविषयी. शाळेच्या स्पर्धेहून मुलगा घरी येतो. आई विचारते, “काय झाले रे?” तो सांगतो, “बरोबरी.” आई “बरं, हातपाय धू,” असे म्हणून कामाला लागते. जिंकला असता तर शेजारी बातमी गेली असती. हरला असता तर कोणी समजूत घातली असती. बरोबरीचे कोणाला काहीच वाटत नाही. जणू काही घडलेच नाही!

स्पर्धेत डाव जिंकणाऱ्याला एक गुण मिळतो, हरणाऱ्याला शून्य. डाव बरोबरीत सुटला तर दोघांना अर्धा अर्धा गुण मिळतो. बरोबरी अनेक प्रकारांनी होते. कधी दोघे खेळाडू आपसांत ठरवून डाव थांबवतात. कधी पटावर इतके थोडे मोहरे उरतात की मात करणे शक्यच नसते. काही बरोबऱ्या खरोखर कंटाळवाण्या असतात. दोघेही घाबरून खेळतात आणि लवकर उठून जातात. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. पण ज्या डावाची हकिकत मी सांगणार आहे, त्यात एका बाजूने आपला वजीर दिला, दुसऱ्या बाजूचा राजा शत्रूच्या घरात शिरला, आणि तरीही कोणी जिंकले नाही. जगभरचे खेळाडू या डावाला ‘अमर बरोबरी’ म्हणतात.

डाव खेळणारे दोघेही व्हिएन्ना शहरात राहत होते. पांढरे मोहरे कार्ल हाम्पे यांच्याकडे होते. ते सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. काळे मोहरे फिलिप माइटनर यांच्याकडे होते. ते वकील होते. बुद्धिबळावर दोघांचेही पोट नव्हते. कचेरीचे आणि कोर्टाचे काम आटोपून आवडीने खेळणारे हे लोक. अशा खेळाडूंना आपण हौशी म्हणतो. पण हौशी म्हणजे कच्चे असे समजू नका. पुढे १८७३ साली व्हिएन्नात मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्या वेळचे नामवंत खेळाडू तिच्यात उतरले होते, आणि माइटनर वकीलही त्यांच्यात होते.

या माइटनर यांची आणखी एक ओळख आहे. डावानंतर सहा वर्षांनी, म्हणजे १८७८ साली, त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव लीझ. हीच पुढे प्रसिद्ध शास्त्रज्ञ लीझ माइटनर झाली. अणूचे केंद्र फुटते तेव्हा काय घडते, हे ज्यांनी प्रथम समजावून सांगितले त्यांत तिचे नाव आहे. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला तिच्यावरूनच ‘माइटनेरियम’ असे नाव दिले आहे. विज्ञानाच्या पुस्तकात हे नाव दिसले तर तिच्या वडिलांचा हा डाव आठवा.

हे दोघे जर्मन भाषा बोलत. जर्मन भाषेत बुद्धिबळाला ‘शाख’ म्हणतात, आणि राजाला शह देतानाही ‘शाख’च म्हणतात. हा शब्द फारसीतल्या ‘शाह’पासून निघाला आहे. आपल्या देशातला चतुरंग हा खेळ इराणात गेला, तिथे शतरंज झाला आणि पुढे अरबांबरोबर युरोपात पोहोचला. खेळाबरोबर शब्दही गेले. व्हिएन्नातला वकील ‘शाख’ म्हणत होता, तुम्ही ‘शह’ म्हणता. दोघांचा राजा एकच. वजिराला मात्र युरोपात गेल्यावर राणी केले आणि उंटाला जर्मन लोक ‘धावणारा’ म्हणू लागले.

आता पट मांडा. पांढऱ्या खेळाडूच्या उजव्या हाताकडचा कोपरा पांढरा हवा. पटाच्या आठ उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डाव्या हातापासून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत. आडव्या रांगांना पांढऱ्याकडून काळ्याकडे १ ते ८ असे आकडे आहेत. म्हणजे पांढऱ्या राजाचे घर ई-१ आणि काळ्या राजाचे ई-८. एवढे समजले की कोणताही डाव वाचता येतो.

पहिल्या खेळीत दोघांनी राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवले. पांढरे प्यादे ई-४ वर आणि काळे ई-५ वर आले. (आपल्याकडे काही घरांत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालवतात. स्पर्धेत पहिल्या खेळीला दोन घरे चालता येते.) मग हाम्पे यांनी वजिराच्या बाजूचा घोडा सी-३ वर काढला. ही त्यांची आवडती खेळी होती. आज या सुरुवातीला ‘व्हिएन्ना डाव’ म्हणतात, आणि तिच्या एका शाखेला हाम्पे यांचे नाव आहे. माइटनर यांनी आपला उंट सी-५ वर आणला.

इथवर सगळे सरळ होते. तिसऱ्या खेळीला हाम्पे यांनी तोच घोडा पुन्हा उचलला आणि ए-४ वर ठेवला. त्यांना काळ्या उंटाला हुसकावून लावायचे होते. पण ही खेळी काही चांगली नाही. पटाच्या मध्यावर घोड्याला आठ घरे मिळतात. ए-४ सारख्या काठावरच्या घरावरून चारच मिळतात. शिवाय बाकीचे मोहरे घरातच बसलेले असताना एकच मोहरा दोनदा चालवला, म्हणजे एक खेळी फुकट गेली.

आपला उंट मागे घ्यायचा सोडून माइटनर यांनी तो पुढे घातला. उंटाने एफ-२ वरचे प्यादे मारले आणि राजाला शह दिला. राजाने उंट मारला. लगेच काळा वजीर एच-४ वर येऊन शह देऊ लागला. आता पांढऱ्याने काय करावे? जी-३ वर प्यादे आडवे घातले असते तर काळ्या वजिराने ई-४ वरचे प्यादे मारले असते. तिथून त्याला एका बाजूला कोपऱ्यातला हत्ती दिसला असता आणि दुसऱ्या बाजूला काठावरचा घोडा. दोन्ही कसे वाचवणार? म्हणून पांढरा राजा स्वतःच पुढे निघाला. तो ई-३ वर आला आणि ई-४ च्या प्याद्याला जोर देऊन उभा राहिला.

लढाईच्या सुरुवातीलाच राजा घर सोडून मैदानात उतरला! बोट पटावर ठेवून त्याचा रस्ता पाहत चला.

वजीर एफ-४ वर गेला: शह. राजा डी-३ वर आला. काळ्याने डी-५ वर प्यादे आणले. राजा सी-३ वर सरकला. वजिराने ई-४ चे प्यादे मारले, आणि तिथून त्याची नजर आडव्या रांगेत थेट ए-४ वरच्या घोड्यावर पडली. घोड्याला जोर द्यायला राजा बी-३ वर आला. आता माइटनर यांनी बी-८ वरचा घोडा ए-६ वर काढला. खेळी साधी दिसते, पण तिच्यात मात लपलेली आहे. वजीर बी-४ वर गेला तर त्याला या घोड्याचा जोर मिळेल. राजाला तो मारता येणार नाही आणि पळायलाही घर नाही. हाम्पे यांनी हा डाव ओळखला. त्यांनी ए-२ वरचे प्यादे ए-३ वर नेले. त्यामुळे बी-४ हे घर राखले गेले, आणि राजाला ए-२ वर लपायला जागाही झाली.

नववी खेळी काळ्याची. पुढचे वाचण्यापूर्वी पटाकडे पाहा. राजा एकदा ए-२ वर जाऊन बसला की त्याला हलवणे कठीण जाईल. तुम्ही माइटनर यांच्या जागी असता तर काय केले असते?

माइटनर यांनी वजिराने ए-४ चा घोडा मारला आणि शह दिला. घोड्याला राजाचा जोर होता. म्हणजे वजीर मरणार हे उघड होते! राजाने वजीर मारला. (राजा ए-२ वर पळू शकला असता. पण मग एक घोडा गेला असता आणि काळ्याकडे दोन प्यादी जास्त राहिली असती. शिवाय समोरून वजीर मिळतो आहे तर कोण सोडील?)

आता काळ्याचा ए-६ वरचा घोडा सी-५ वर आला: शह. राजा बी-४ वर आला. काळ्याने ए-७ वरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले: पुन्हा शह. राजाने सी-५ वरचा घोडा मारला. माइटनर यांचा एक उंट, एक वजीर आणि एक घोडा गेला होता. बदल्यात त्यांना दोन प्यादी आणि एक घोडा मिळाला होता. हिशोब केला तर डाव संपल्यासारखाच होता.

आणि इथे त्यांनी शह दिला नाही. त्यांनी दुसरा घोडा जी-८ वरून उचलून शांतपणे ई-७ वर ठेवला.

मला या संपूर्ण डावात हीच खेळी सर्वांत जास्त आवडते. वजीर देणे डोळ्यांत भरते. पण वजीर देऊन झाल्यावर घाई न करता एक साधी खेळी करणे फार अवघड आहे. काळ्याचा बेत असा होता: बी-७ चे प्यादे बी-६ वर नेऊन शह द्यायचा. राजाला बी-५ हे एकच घर उरते. मग सी-८ चा उंट डी-७ वर आणला की मात! पटावर करून पाहा. राजाच्या भोवतालचे प्रत्येक घर काळ्याने राखलेले आहे. कुठे प्यादे, कुठे घोडा, कुठे कोपऱ्यातला हत्ती.

पांढऱ्याचा वजीर या वेळी कुठे होता? आपल्या घरीच, डी-१ वर. दोन्ही हत्ती कोपऱ्यांत होते. राजाच्या मदतीला धावू शकेल असा एकच मोहरा होता, एफ-१ वरचा उंट. हाम्पे यांनी तो बी-५ वर आणून काळ्या राजाला शह दिला. काळा राजा डी-८ वर सरकला. मग हाम्पे यांनी तोच उंट एक घर पुढे, सी-६ वर ठेवला. काळ्याचे प्यादे आणि घोडा, दोघेही त्या उंटाला मारू शकत होते. तरी त्यांनी तो तिथे ठेवला, कारण तिथून डी-७ हे मातेचे घर राखले जात होते. प्याद्याने उंट मारला तर ते प्यादे बी-६ वर जाऊन शह देऊ शकत नाही. वजीर मिळवलेला माणूस आता राजाच्या जिवासाठी उंट देऊ करत होता.

माइटनर यांनी प्यादे बी-६ वर नेऊन शह दिला. राजा बी-५ वर आला. मग काळ्या घोड्याने सी-६ वरचा उंट मारला. हा घोडा आता डी-४ वर जाऊन शह देणार, राजा ए-४ वर जाणार आणि काळा उंट डी-७ वरून मात करणार, असा नवा धोका उभा राहिला. म्हणून राजाने तो घोडाही मारला आणि सी-६ वर उभा राहिला. सोळा खेळ्या झाल्या होत्या. काळ्याच्या राजापासून दोन घरांच्या अंतरावर पांढरा राजा एकटा उभा होता.

माइटनर यांनी सी-८ चा उंट बी-७ वर आणला: शह. राजाच्या अगदी शेजारी, कसलाही जोर नसलेला उंट! राजा तो सहज मारू शकत होता.

मी हा डाव पहिल्यांदा पटावर मांडला तेव्हा इथे थांबलो. हाम्पे यांनी हा फुकटचा उंट मारला नाही, हे वाचून मला आश्चर्य वाटले. मला वाटले, मी असतो तर मारला असता. म्हणून मी पांढऱ्या राजाने तो मारून पाहिला. मग समजले. काळा राजा डी-७ वर येतो. आता एच-८ वरचा हत्ती बी-८ वर आला की पांढऱ्याची मात आहे. पांढऱ्याने वजीर जी-४ वर आणून शह दिला तरी काळा राजा डी-६ वर सरकतो, आणि पुढच्याच खेळीत हत्ती बी-८ वर येतो. पटावरचा इतका मोठा वजीर काहीच करू शकत नाही. राजा बी-७ वर अडकून पडलेला असतो.

हाम्पे यांनी उंट मारला नाही. राजा बी-५ वर मागे आला. उंट ए-६ वर गेला: शह. आता राजाला दोन घरे मोकळी होती, ए-४ आणि सी-६. उंटाला मारता येत नव्हते, कारण ए-८ च्या हत्तीचा त्याला जोर होता. ए-४ वर गेला तर उंट सी-४ वर येतो, आणि मग प्यादे बी-५ वर येऊन मात करते. सी-६ वर गेला तर वाचतो. राजा सी-६ वर गेला. उंट पुन्हा बी-७ वर आला: शह. पट अगदी दोन खेळ्यांपूर्वीसारखा दिसू लागला. अठरा खेळ्या झाल्या होत्या. इथे डाव थांबला. बरोबरी!

पण का? माइटनर आणखी खेळले असते तर? त्यांच्याकडे दोन हत्ती, एक उंट आणि आठ प्यादी होती. समोर वजीर, दोन हत्ती, उंट, घोडा आणि सहा प्यादी. त्यांनी एक जरी खेळी शह न देता केली असती, तर पांढऱ्याला उसंत मिळाली असती. राजा निसटला असता, वजीर घराबाहेर पडला असता, आणि काळ्याचा पराभव ठरलेला होता. म्हणून काळ्याला शह देतच राहावे लागले. आणि हाम्पे? त्यांच्याकडे एवढे सैन्य होते, पण प्रत्येक शहाला उत्तर देताना एकच घर वाचवणारे होते. दुसरे घर मातेचे होते. म्हणून त्यांनाही त्याच दोन घरांत ये-जा करावी लागली. एकाला थांबता येत नव्हते, दुसऱ्याला बाहेर पडता येत नव्हते. ज्याने हट्ट केला असता तो हरला असता.

अशा शहाला मराठीत ‘सततचा शह’ म्हणतात. आजच्या स्पर्धांत त्यासाठी नियम आहे. पटावर अगदी तीच स्थिती, तोच खेळाडू खेळणार असताना, तिसऱ्यांदा आली तर खेळाडू पंचांकडे बरोबरी मागू शकतो. ती पाचव्यांदा आली तर कोणी मागितली नाही तरी डाव बरोबरीत संपतो. पण स्थिती तिसऱ्यांदा आली, हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी स्पर्धेत प्रत्येक खेळाडूने प्रत्येक खेळी कागदावर लिहायची असते, आपली आणि समोरच्याचीही. नव्या खेळाडूंना हे लिहिणे म्हणजे कटकट वाटते. तुम्ही तसे करू नका. व्हिएन्नातल्या या डावाच्या छत्तीस खेळ्या कोणी लिहून ठेवल्या नसत्या, तर आज तुमच्यापुढे हा पट मांडता आला नसता.

त्या लिहिलेल्या खेळ्या पुन्हा एकदा मोजून पाहिल्या तर एक गंमत दिसते. हाम्पे यांनी अठरा खेळ्या केल्या. त्यांपैकी बारा खेळ्या एकट्या राजाच्या आहेत. त्यांनी काळ्याचे चार मोहरे मारले: एक उंट, एक वजीर आणि दोन घोडे. चारही राजाने स्वतःच्या हाताने मारले! पांढऱ्या वजिराने मात्र डाव सुरू झाल्यापासून संपेपर्यंत आपले घर सोडले नाही. काळ्याचे दोन्ही हत्तीही जागचे हलले नाहीत. तरी ए-८ च्या हत्तीने कोपऱ्यात बसून किती काम केले, ते तुम्ही पाहिलेच आहे.

बुद्धिबळात ‘अमर डाव’ म्हणून आणखी एक डाव प्रसिद्ध आहे. तो १८५१ साली लंडनमध्ये खेळला गेला. त्यात पांढऱ्याने आपले दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली होती. तो डाव पाहताना आपण जिंकणाऱ्याकडेच पाहतो. हरणाऱ्याचे नाव बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. हाम्पे आणि माइटनर यांची नावे मात्र जगभर नेहमी एकत्र घेतली जातात.

आता पट सोळाव्या खेळीपर्यंत पुन्हा मांडा. शेजारच्या मित्राला किंवा घरी धाकट्या भावंडाला बोलवा. त्याला पांढरे मोहरे द्या. तुमचा उंट बी-७ वर ठेवा, ‘शह’ म्हणा, आणि तो काय करतो ते पाहा.

शब्दार्थ

हकिकत – घडलेल्या गोष्टीचा वृत्तान्त (उर्दूत या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा आहे). हौशी – पोटासाठी नव्हे तर आवडीने करणारा. कचेरी – कार्यालय, दफ्तर. हुद्दा – नोकरीतील पद. मोहरा – बुद्धिबळातील सोंगटी. जोर – एका मोहऱ्याला दुसऱ्या मोहऱ्याचा आधार. हुसकावणे – पळवून लावणे. उसंत – फुरसत, मोकळा वेळ. खेळी – चाल. भलताच – दुसराच, नको तो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फिलिप माइटनर यांचा व्यवसाय कोणता होता?
(आ) जर्मन भाषेतील ‘शाख’ हा शब्द कोणत्या शब्दापासून निघाला?
(इ) पांढऱ्या राजाने कोणकोणते मोहरे मारले?

२. कारणे लिहा.
(अ) हाम्पे यांनी आपला उंट सी-६ वर ठेवला.
(आ) हाम्पे यांनी बी-७ वरचा उंट मारला नाही.
(इ) माइटनर यांना शह देत राहावे लागले.

३. ‘जोर’, ‘हुद्दा’, ‘हकिकत’ हे शब्द मराठीत आणि उर्दूत कोणत्या अर्थांनी वापरतात ते सांगा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. तुम्ही खेळलेल्या किंवा पाहिलेल्या, बरोबरीत सुटलेल्या एखाद्या सामन्याविषयी आठ-दहा ओळी लिहा.